उपग्रह बांधायचाय? आधी गच्चीवर चला

दरवर्षी पाऊस लागला की कॉलेजच्या उपग्रह टीममध्ये नव्या मुलांची भरती होते. मुलाखतीला आलेल्यांना मी एकच विचारतो, "इथे काय करायला आवडेल?" दहातली सात उत्तरं ठरलेली असतात: रॉकेट इंजिन, आयन थ्रस्टर, नाहीतर थेट मंगळ. हसायचा अधिकार मला नाही. पहिल्या वर्षी मीही छाती पुढे काढून "प्रोपल्शन" म्हणालो होतो, म्हणजे यानाला पुढे ढकलणारी यंत्रणा. आमच्या उपग्रहात प्रोपल्शन नव्हतंच. विद्यार्थ्यांच्या किलोभर वजनाच्या उपग्रहात ते सहसा नसतं.

हा लेख अशा टीममध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या कॉलेजात टीमच नाही पण उभी करायची खुमखुमी आहे त्यांच्यासाठीही. माझा क्रम थोडा उलटा आहे. बहुतेक जण सांगाड्यापासून सुरुवात करतात. ॲल्युमिनिअमचा डबा, त्याचं चकचकीत थ्रीडी चित्र, पोस्टर, टी-शर्ट. वर्ष सरतं आणि उपग्रहाने नक्की काय पाठवायचं, ते कुणी ऐकायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं. मी म्हणतो, ग्राउंड स्टेशनपासून, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल जमिनीवरून ऐकायच्या जागेपासून, सुरू करा आणि तिथून मागे मागे उपग्रहापर्यंत या.

हे काम कॉलेजात होतं का?

होतं, आणि बऱ्याच वर्षांपासून होतंय. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर-१ जानेवारी १९५८ च्या शेवटच्या रात्री उडाला. त्यातलं किरणोत्सर्ग मोजायचं उपकरण आयोवा विद्यापीठातलं होतं. जेम्स व्हॅन ॲलन प्राध्यापक, आणि उपकरण बांधणारा जॉर्ज लडविग त्यांचा विद्यार्थी. कोलोरॅडो विद्यापीठाची बोल्डर इथली अवकाश प्रयोगशाळा १९४८ ची, म्हणजे नासाहून दहा वर्षांनी मोठी. २००६ मध्ये प्लूटोकडे निघालेल्या न्यू होरायझन्स यानावरचं धूळ मोजणारं उपकरण तिथल्या विद्यार्थ्यांनी केलं. केप्लर या अवकाश दुर्बिणीला आज्ञा पाठवणाऱ्यांतही तिथली पदवीची मुलं होती.

आपल्याकडे चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा चाळीस किलोचा अनुसॅट २००९ मध्ये गेला. पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून गेला. वजन जेमतेम किलोभर. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा 'प्रथम' गेला, सुमारे दहा किलोचा, आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी. 'प्रथम'चं काम २००७ मध्ये सुरू झालं होतं. ही नऊ वर्षं लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

पहिला महिना: फक्त ऐका

लागणारं सामान: आरटीएल-एसडीआर नावाचा पेनड्राइव्हएवढा रेडिओ, एक लॅपटॉप, काही मीटर कोएक्स केबल आणि दोन धातूच्या कांड्या. आमची पहिली अँटेना हॉस्टेलच्या पडद्याच्या दांड्यांची होती. (पडदे पुढे वर्षभर सुतळीवर होते.)

१३७ मेगाहर्ट्झच्या आसपास रशियाचे मेटिऑर मालिकेतले हवामान उपग्रह ढगांची चित्रं उघडपणे पाठवतात. त्यासाठी व्ही-डायपोल ही दोन कांड्यांची साधी अँटेना पुरते. प्रत्येक कांडी साधारण ५३ सेंटीमीटर, दोन्हींमध्ये १२० अंशांचा कोन, आणि हा 'व्ही' जमिनीला समांतर, उघडी बाजू उत्तरेला किंवा दक्षिणेला. हे उपग्रह जवळपास ध्रुवांवरून फिरतात, म्हणून ही दिशा. कोएक्सची मधली तार एका कांडीला, बाहेरची जाळी दुसरीला. एवढंच.

इथे एक सूचना. इंटरनेटवरचे बहुतेक जुने धडे अमेरिकेच्या नोआ-१५, १८ आणि १९ या उपग्रहांवर आहेत. ते तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले. मागच्या वर्षी आमच्याकडची दोन मुलं तीन संध्याकाळी नोआ-१९ ची वाट बघत बसली आणि अँटेनाच बिघडली असं समजून ती तिसऱ्यांदा सोल्डर करत होती. कुठल्याही उपग्रहाची वाट बघायच्या आधी तो जिवंत आहे का ते तपासा.

उपग्रह कधी डोक्यावरून जाणार हे जी-प्रेडिक्टसारखं सॉफ्टवेअर सांगतं. त्याला कक्षेची माहिती टीएलई नावाच्या दोन ओळींतून मिळते. या ओळी शिळ्या होतात. कमी उंचीच्या उपग्रहासाठी दोन आठवड्यांपूर्वीच्या ओळी वापरल्या तर उपग्रह सांगितलेल्या वेळेला येत नाही, आणि नवा माणूस दोष अँटेनाला देतो. बसण्याआधी ताज्या ओळी उतरवून घ्यायची सवय लावा.

दुसरी सवय घड्याळाची. अवकाशातलं सगळं काम यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत चालतं आणि आपण साडेपाच तास पुढे असतो. आमच्या टीमने पहिला ठरवून ठेवलेला पास, म्हणजे उपग्रह डोक्यावरून जाण्याची वेळ, याच साडेपाच तासांत घालवला. पाच जण, थर्मासभर चहा, रेनकोट, आणि उपग्रह दुपारीच येऊन गेलेला. तेव्हापासून आमच्या वहीत प्रत्येक नोंदीला दोन रकाने असतात, यूटीसी आणि आपली वेळ. 'आज रात्री आठला' असं कुणी लिहिलं तर ते पान परत लिहायला लावतो.

पास सुरू झाला की पडद्यावर एक रुंद उंचवटा दिसू लागतो आणि हळूहळू एका बाजूला सरकतो. हा डॉप्लर परिणाम. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने येतो आणि जातो, त्यामुळे १३७ मेगाहर्ट्झवर वारंवारिता तीनेक किलोहर्ट्झने वर-खाली होते. ४३७ मेगाहर्ट्झवर, जिथे विद्यार्थ्यांचे बरेच उपग्रह बोलतात, हाच फरक दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. पुस्तकात डॉप्लर म्हणजे रेल्वेची शिट्टी. गच्चीवर तो डोळ्यांनी दिसतो.

नोंदवलेला सिग्नल सॅटडंपसारख्या सॉफ्टवेअरमधून काढला की चित्र उलगडतं. पहिलं चित्र बहुधा अर्धं खरखरीचंच असतं. चालेल. किनारपट्टीची रेघ ओळखू आली, पश्चिमेकडून सरकणारे ढग दिसले, की काम झालं. असे दहा पास घ्या. पाऊस, पाण्याची टाकी, शेजारच्या इमारतीचा मोबाइल टॉवर, एलईडी दिव्यांची खरखर, यातलं काय किती त्रास देतं ते वहीत लिहा. उद्या तुमचा उपग्रह याच गच्चीवर ऐकायचाय.

हे सगळं फक्त ऐकण्याचं. हौशी बँडवर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या वारंवारितांवर, पाठवायचं असेल तर हौशी रेडिओचा परवाना हवा, आणि त्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. टीममधल्या निदान दोघा-तिघांनी पहिल्याच वर्षी ती देऊन टाका. कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं तुमचं ओळखनाव, मिळायला वेळ लागतो, आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारे पुढच्या वर्षी प्लेसमेंटच्या गडबडीत असतात.

एका कागदावरचा हिशेब

गच्चीवर महिना काढला की माणूस हिशेबाला तयार होतो. पाचशे किलोमीटर उंचीच्या उपग्रहाला एक फेरी मारायला साधारण ९५ मिनिटं लागतात. म्हणजे दिवसाला पंधरा फेऱ्या. पण तुमच्या गच्चीवरून दिसतात त्यातल्या चार-पाच, आणि खरोखर चांगल्या एक-दोन. प्रत्येक फार तर दहा-अकरा मिनिटांची.

आता मुलाखतीतलं दुसरं आवडतं उत्तर घेऊ: कॅमेरा बसवू. मोबाइलचा एक फोटो तीन मेगाबाइटचा, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख बिट. सेकंदाला १२०० बिट या साध्या वेगाने पाठवला तर वीस हजार सेकंद, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे तेहतीस पास. दिवसाला दोन चांगले पास धरले तर एका फोटोला पंधरवडा उलटून जातो, तोही एकही बिट न गळता. वेग ९६०० केला तर आठ पटींनी सुटका होते, पण मग अँटेना, पॉवर, ग्राउंड स्टेशन सगळंच सुधारावं लागतं. कॅमेरा लावू नका असं मी म्हणत नाही. तो लावायचा तर आधी हा कागद भरा.

विजेचंही तसंच. सूर्याकडून चौरस मीटरला १३६१ वॅट येतात. दहा सेंटीमीटरच्या डब्याच्या एका बाजूवर दोन चांगले सौर घट बसतात, मिळून साठेक चौरस सेंटीमीटर. त्यांची कार्यक्षमता तीस टक्क्यांच्या आतबाहेर. गुणाकार करा, सुमारे २.४ वॅट येतात, तेही ऊन सरळ पडलं तर. शिवाय प्रत्येक फेरीत पस्तीसेक मिनिटं उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो. सरासरी दीड वॅट हातात राहतात. एक वॅट सोडणारा ट्रान्समीटर स्वतः अडीच-तीन वॅट खातो. म्हणजे तो कायम चालू ठेवणं अशक्य, कधी चालू करायचा हे ठरवावंच लागतं. घरी महिनाअखेरीचा किराणा बसवणाऱ्या माणसाला टीममध्ये पॉवरचं काम द्यावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तिसरा आकडा अंतराचा. हाच उपग्रह डोक्यावर असताना पाचशे किलोमीटरवर असतो, क्षितिजावर उगवताना जवळजवळ २६०० वर. सिग्नल पंचवीसपटीहूनही क्षीण होतो. 'पास अकरा मिनिटांचा' म्हणणारे ही गोष्ट विसरतात. कामाची मिनिटं त्यातली निम्मीच.

शून्य वाचायला शिका

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा थांबतो.

एक्स्प्लोरर-१ वरचा किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर कमी उंचीवर अपेक्षेप्रमाणे मोजत होता. उपग्रह उंच गेला की मात्र आकडा कोसळून शून्यावर यायचा. उपकरण बिघडलं असं म्हणून गप्प बसणं सोपं होतं. शिवाय त्या उपग्रहावर टेप रेकॉर्डर नव्हता, त्यामुळे तो एखाद्या ग्राउंड स्टेशनच्या टप्प्यात असेल तेवढीच माहिती हाती यायची. मार्चमध्ये एक्स्प्लोरर-३ गेला, त्यावर लडविगने टेप रेकॉर्डर बसवला होता. संपूर्ण फेरीचा आलेख हाती आल्यावर उलगडा झाला. तिथे कण कमी नव्हते. ते इतके प्रचंड होते की काउंटर गुदमरून मोजणंच सोडत होता. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सर्गी पट्टे असे सापडले, आणि त्यांना व्हॅन ॲलन यांचं नाव मिळालं.

आता आमची गोष्ट, अर्थातच लहान. टेबलावर तीन दिवसांची चाचणी चालू होती आणि बॅटरीचं तापमान तिन्ही दिवस बरोब्बर २५.० अंश. आम्ही खूश. चौथ्या दिवशी प्रथम वर्षाच्या एका मुलीने विचारलं, "रात्री एसी बंद असतो ना, मग हे हललं कसं नाही?" सेन्सरची तार पहिल्याच तासात निघाली होती आणि प्रोग्राम शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा पाठवत होता.

त्यातून आलेले नियम सांगतो. प्रत्येक मोजमापाबरोबर ते कधी घेतलं ती वेळ पाठवा. सेन्सरने उत्तर दिलं नाही तर जुना आकडा देऊ नका, 'उत्तर नाही' असं सांगणारा वेगळा संकेत ठेवा. आणि आलेख काढताना सरळ रेघ दिसली की पहिला संशय तिच्यावर घ्या.

मग हात चालवा

दहा सेंटीमीटरच्या डब्याला क्यूबसॅट म्हणतात. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीचे जॉर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी हे माप ठरवलं. त्याची नियमावली फुकट मिळते. ती वाचायला एक संध्याकाळ पुरते, आणि ती न वाचता डिझाइन करणारे मी बरेच पाहिलेत. उदाहरणार्थ, रॉकेटपासून सुटल्यावर पहिली तीस मिनिटं अँटेना उघडायची नाही आणि पंचेचाळीस मिनिटं रेडिओ बोलायचा नाही. हे उशिरा कळलं की प्रोग्रामची उलथापालथ होते.

सुरुवातीला डब्यात काहीच कोंबू नका. सगळी सर्किटं एका मोठ्या फळीवर पसरून जोडा. याला फ्लॅटसॅट म्हणतात. कुठेही मल्टिमीटर लावता येतो, कुठलंही बोर्ड काढता येतं. आमच्याकडे नवा माणूस पहिले सहा महिने फ्लॅटसॅटवरच असतो, आणि तिथे त्याला एकच काम असतं: एक तार मुद्दाम काढून काय होतं ते लिहायचं. प्रोसेसर अडकला तर त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर खरंच चालतो का, हेही प्रोसेसरला मुद्दाम अडकवूनच कळतं. वर गेल्यावर रीसेटचं बटण दाबायला कुणी जात नाही.

घोडं बहुतेक वेळा कनेक्टरशी अडतं. भारी प्रोसेसर, महागडे सौर घट सगळे नीट असतात आणि नीट न दाबलेल्या क्रिंपने, म्हणजे तारेवर दाबून बसवलेल्या टोकाने, आठवडा जातो. क्रिंप केलेली प्रत्येक तार हलकी ओढून बघा. हात लावण्याआधी मनगटाला अर्थचा पट्टा बांधा, पावसाळ्यातही. हवा दमट आहे म्हणून स्थिर वीज नसते हा समज आमच्या एका रेडिओ मॉड्यूलच्या जिवावर बेतला. एसी लावलेली खोली बाहेरच्या पावसाइतकी दमट नसते.

कुठलाही चिकट पदार्थ, फोम, प्लॅस्टिक वापरण्याआधी ते निर्वातात वाफ सोडतं का ते तपासा. ती वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर किंवा सौर घटावर जाऊन बसते. बाजारातला साधा चिकटपट्टीचा रोल प्रयोगशाळेच्या उडणाऱ्या सामानाच्या कपाटात ठेवायचाच नाही, म्हणजे हातात येणारच नाही.

डीप फ्रीझरची चाचणी

अँटेना गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली असते. वर गेल्यावर एक छोटा रेझिस्टर तापतो, दोरा वितळतो, अँटेना उघडते. टेबलावर आमची पन्नास वेळा उघडली. मग कुणीतरी म्हणालं, सावलीत थंडी असते, गारठ्यात करून बघू. कँटीनवाल्या काकांच्या आइस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये, उणे अठराला, रात्रभर ठेवली. सकाळी बटण दाबलं, दोरा जसाच्या तसा. गारठलेल्या बॅटरीचं व्होल्टेज खाली बसलं होतं, त्यामुळे रेझिस्टर पुरेसा तापत नव्हता. उपाय साधा निघाला: कमी ओहमचा रेझिस्टर, शेजारी दुसरा राखीव, आणि एकदा जमलं नाही तर दर काही फेऱ्यांनी पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्राम.

तुम्हीही करून बघा, फक्त वस्तू बंद पिशवीत सिलिका जेलसकट ठेवा आणि बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर बोर्डावर पाणी धरतं. काकांची आधी परवानगी घ्या. खऱ्या चाचण्या, म्हणजे कंपन आणि निर्वातातला उष्णता-थंडीचा फेरा, त्यासाठीच्या यंत्रांवरच होतात आणि तिथली तारीख महिने आधी मागावी लागते. पण तिथे पोहोचल्यावर डीप फ्रीझरमध्ये सापडली असती अशी चूक सापडली, तर फार जिवाला लागतं.

परवानग्या, आणि थोडी सोपी वाट

वारंवारितेचा अर्ज डिझाइन संपल्यावर करायचा असतो हा सगळ्यात महागडा गैरसमज. हौशी बँड वापरायचा तर आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघटनेकडून समन्वय, देशात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी, आणि उपग्रहासाठी इन-स्पेस या अवकाश परवानग्या देणाऱ्या सरकारी संस्थेकडे अर्ज. हे पहिल्या वर्षीच सुरू करा आणि एका चिकाटीच्या माणसाकडे सोपवा. हुशार असलाच पाहिजे असं नाही, पाठपुरावा करणारा हवा.

पूर्ण उपग्रह झेपत नसेल तर पोएम आहे. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावर वरच राहतो. इस्रोने २०२२ पासून त्याला पोएम या नावाने प्रयोगांचा मंच केलं. वीज आणि दिशा राखण्याचं काम तो टप्पा करतो, तुम्ही फक्त उपकरण न्यायचं. जानेवारी २०२४ च्या पोएम-३ वर मुंबईच्या के. जे. सोमय्या इन्स्टिट्यूटचा हौशी रेडिओ होता, आणि त्या वर्षअखेरीच्या पोएम-४ वर ॲमिटी विद्यापीठाच्या मुंबई केंद्राचा वनस्पतींच्या पेशींवरचा प्रयोग होता. नव्या टीमला माझा सल्ला हाच: पहिल्या खेपेला पोएम, उपग्रह नंतर.

आणि ज्यांना सोल्डरिंगच नको आहे त्यांनीही दार लावून घेऊ नका. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राने इस्रोच्या आदित्य-एल१ यानासाठी सूर्याची अतिनील चित्रं घेणारी सूट ही दुर्बीण केली. ॲस्ट्रोसॅट या इस्रोच्या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांचा साठा अभ्यासकांना खुला आहे. घरी बसून खऱ्या दुर्बिणीचा खरा डेटा हाताळता येतो. अशी माणसं टीममध्ये असली की 'हे उपकरण नक्की काय मोजणार' हा प्रश्न वेळेवर विचारला जातो.

जाताना वही देऊन जा

त्या नऊ वर्षांकडे येतो. पदवी चार वर्षांची, त्यातली मन लावून कामाची जेमतेम अडीच. म्हणजे सुरुवात करणारे आणि प्रक्षेपण बघणारे वेगळेच असतात. मी आलो तेव्हा वरच्या बॅचने ठेवलेल्या फोल्डरांची नावं 'फायनल', 'फायनल नवं', 'फायनल खरं' अशी होती. त्यातलं कुठलं बोर्ड प्रत्यक्षात बनवून घेतलं हे शोधायला आम्हाला एक सेमिस्टर लागलं.

म्हणून फाइलच्या नावात तारीख आणि आवृत्तीचा आकडा, आणि प्रत्येक निर्णयाला चार ओळी: काय ठरलं, का ठरलं, कुठला पर्याय सोडला, कुणी ठरवलं. 'का' ही ओळ सर्वात मोलाची. ती नसेल तर पुढची बॅच तोच सोडलेला पर्याय उत्साहाने पुन्हा घेते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आमच्याकडे एक परीक्षा असते: जुन्याने आठवडाभर फोन उचलायचा नाही आणि नव्याने फक्त वही वाचून ग्राउंड स्टेशन सुरू करून एक पास घ्यायचा. पहिल्या वर्षी चौघांपैकी एकालाच जमलं. अँटेना फिरवणाऱ्या मोटरचा स्विच उलटा बसवलाय, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

तर या शनिवारपासून सुरू करा. दांड्या शोधा, ताजे टीएलई उतरवा, घड्याळ यूटीसीला लावा. आणि गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडे असते. पहाटेचा पास असेल तर आदल्या संध्याकाळीच मागून ठेवा, ते साडेपाचच्या आत उठत नाहीत.